आवाज बसला तर : कारणे, तपासणी आणि उपचार

उज्जैनचे महाकालेश्वर आज ज्या रूपात उभे आहे, त्याची पुनर्बांधणी अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केली. त्यामुळे माळव्याशी आपल्या कोकणपट्टीचे नाते जुने आहे. गोव्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे महाकालाच्या दर्शनाला जातात. पहाटेच्या भस्म आरतीसाठी रात्रभर रांगेत उभे राहतात, जयघोष करतात, धुळीतून आणि धुपातून फिरतात आणि परतताना पुष्कळांचा घसा बसलेला असतो. चार-आठ दिवसांत तो सुटतो आणि विषय विसरला जातो. बहुतेकांच्या बाबतीत हे योग्यच आहे. मात्र काहींच्या बाबतीत हेच विसरणे महागात पडते. कोणी वाट पाहावी आणि कोणी पाहू नये, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आवाज हरवण्याचे मोल काय असते, याच्या दोन कहाण्या याच माळव्यात घडल्या आहेत. पहिली उस्ताद अल्लादियाखाँ यांची. १८५५ मध्ये जन्मलेले खाँसाहेब तरुण वयात माळव्यातील आमलेटा या छोट्या संस्थानात होते. तेथे दीर्घकाळ अतिरेकी गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला. पुढे तो परतला, पण पूर्वीचा राहिला नाही. जो आवाज उरला त्याला साजेशी गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली घराण्याची ही बिकट, बळकट आणि लयीत गुंफलेली गायकी पुढे कोल्हापूर आणि मुंबईमार्गे केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठात उतरली. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचाही आवाज तरुणपणी काही काळ गेला होता, हे संगीतरसिकांना ठाऊक आहे.

दुसरी कहाणी कुमार गंधर्वांची. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमारजी ऐन तारुण्यात क्षयरोगाने आजारी पडले आणि कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये उज्जैनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या देवासला राहायला गेले. गाणे वर्ज्य करण्याचा वैद्यकीय सल्ला होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध उपलब्ध झाल्यानंतर ते सावरले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस निकामी झालेले असताना त्यांनी पुढची जवळजवळ चार दशके गायन केले.

एकाचे दुखणे अतिवापराचे, तर दुसऱ्याचे रोगाचे. बसलेल्या आवाजाचा विचार करताना डॉक्टरांसमोरचा पहिला प्रश्न हाच असतो.

आवाज तयार कसा होतो

गळ्याच्या मध्यभागी, पुरुषांत कंठमण्याच्या रूपाने बाहेरून दिसणारा जो कूर्चेचा डबा असतो, ते स्वरयंत्र. त्यात पुढून मागे गेलेल्या दोन मऊ घड्या असतात. त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. त्यांची लांबी पुरुषांत दोन सेंटीमीटरांच्या आसपास आणि स्त्रियांत त्याहून कमी असते. श्वास घेताना त्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या उघडतात. बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेच्या दाबाने थरथरतात. सामान्य बोलण्यात पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला शंभर ते एकशेतीस वेळा, तर स्त्रियांचे दोनशेच्या आसपास वेळा कंप पावतात. शिक्षिका सलग एक मिनिट बोलली तर तिच्या स्वरतंतूंच्या कडा हजारो वेळा एकमेकींवर आदळतात.

ही थरथर स्वच्छ व्हावी यासाठी तीन गोष्टी लागतात. घड्यांच्या कडा सरळ आणि ओलसर हव्यात, दोन्ही घड्या मध्यरेषेवर नीट मिटायला हव्यात आणि खालून श्वासाचा पुरेसा रेटा हवा. कडेवर सूज, गाठ किंवा व्रण आला, एक घडी लुळी पडली किंवा श्वास अपुरा पडला, की हवा निसटते. कंप विस्कळीत होतो आणि आवाज घोगरा, फाटका, दमलेला किंवा हवेशीर येतो. म्हणजे घोगरा आवाज हा स्वतः रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामुळे ‘आवाजाचे औषध’ असे एकच औषध असू शकत नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांनीही हे ओळखले होते. सुश्रुतसंहितेत ‘स्वरभेद’ या नावाने या विकाराचे सहा प्रकार सांगितले असून त्यांतील एक क्षयज आहे. चरकसंहितेने राजयक्ष्म्याच्या लक्षणांत स्वरभेदाची गणना केली आहे. बसलेल्या आवाजामागे शरीरातला मोठा रोग असू शकतो, ही जाणीव तेव्हाही होती.

आवाज का बसतो

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे विषाणूजन्य स्वरयंत्रदाह. सर्दी-पडसे, खोकला, अंगात कणकण आणि दोन दिवसांत बसलेला आवाज, असा त्याचा क्रम असतो. तो एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नसल्याने या दुखण्यात ती सहसा निरुपयोगी ठरतात. तरीही औषधांच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या घेण्याची सवय आपल्याकडे आहे, ती सोडायला हवी.

दुसरा मोठा गट अतिवापराचा. रोज मोठ्याने आणि ताणून बोलणाऱ्यांच्या दोन्ही स्वरतंतूंवर, समोरासमोर, घट्ट्यांसारख्या लहान गाठी येतात. हातात सतत कोयता धरणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडावेत, तसेच हे. शिक्षिका, गायिका आणि आरडाओरड करणारी मुले यांच्यात त्या विशेष दिसतात. कधी एखाद्याच किंचाळण्याने किंवा जोराच्या खोकल्याने स्वरतंतूतील बारीक रक्तवाहिनी फुटते आणि आवाज क्षणात जातो, किंवा पुढे एका बाजूला पॉलिप तयार होतो. अल्लादियाखाँसारखी कहाणी घेऊन आज एखादा गायक आला, तर डॉक्टर प्रथम गाठी, रक्तस्राव आणि त्यातून राहिलेला व्रण याच शक्यता पडताळून पाहतील.

तिसरा गट चिडचिडीचा. विडी-सिगारेटचा धूर, धूळ, रासायनिक वाफा, मद्य आणि जठरातील आम्ल घशापर्यंत वर येणे ही त्यातील कारणे. वर्षानुवर्षे धूम्रपान करणाऱ्यांत स्वरतंतू पाण्याने भरल्यासारखे सुजतात आणि स्त्रियांचाही आवाज पुरुषासारखा जाड होतो. दम्यासाठी स्टिरॉईडचा पंप ओढणाऱ्यांच्या घशात बुरशी वाढूनही आवाज बिघडतो. पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरणे आणि पंपाला स्पेसर लावणे, एवढ्याने तो त्रास पुष्कळ टळतो. मात्र त्यासाठी पंपच बंद करू नये.

चौथा गट मज्जातंतूंचा. स्वरतंतू हलवणारी नस मेंदूतून निघते, छातीत उतरते आणि पुन्हा वर वळून स्वरयंत्रात येते. डाव्या बाजूची नस तर हृदयाजवळच्या महारोहिणीच्या कमानीला वळसा घालून वर येते. या लांब वाटेमुळे फुप्फुसाचा कर्करोग, छातीतील गाठी किंवा थायरॉईडची शस्त्रक्रिया यांपैकी कशानेही नस दुखावली, तर पहिली बातमी आवाजातून कळते. असा आवाज हवेशीर आणि दुबळा असतो, पाणी पिताना ठसका लागतो. पार्किन्सन आजारात आवाज हळू आणि एकसुरी होतो. स्नायूंच्या अवेळी आकुंचनाने आवाज मध्येच अडकतो, असाही एक विकार आहे.

पाचवा गट शरीराच्या इतर विकारांचा. थायरॉईडची कमतरता असेल तर आवाज जाड होतो, वजन वाढते, थंडी वाजते आणि थकवा येतो. उतारवयात स्वरतंतू बारीक होऊन आवाज कापरा होतो. वयात येऊनही मुलाचा आवाज फुटत नाही, तेव्हा बहुधा दोष सवयीचा असतो आणि तो व्यायामाने जातो. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर आवाज अचानक नाहीसा होणे हेही खरे दुखणे आहे, त्याला ढोंग म्हणू नये.

उरले दोन रोग, ज्यांसाठी हा सगळा सावधपणा. पहिला क्षय. फुप्फुसाच्या क्षयासोबत स्वरयंत्रालाही क्षय होतो. तेव्हा आवाज बसतो, गिळताना दुखते आणि खोकल्यातून संसर्ग सहज पसरतो. दुसरा स्वरयंत्राचा कर्करोग. तंबाखू ओढणारे आणि सोबत मद्य घेणारे यांच्यात त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. या कर्करोगात एक गोष्ट मात्र रुग्णाच्या बाजूची आहे. गाठ स्वरतंतूवर असेल तर ती अगदी लहान असतानाच आवाज बदलतो आणि त्या जागी लसवाहिन्या विरळ असल्याने ती बराच काळ इतरत्र पसरत नाही. शरीर इतकी आगाऊ सूचना फार थोड्या कर्करोगांत देते. ती सूचना ‘घसा बसला आहे, सुटेल’ म्हणून सहा महिने दुर्लक्षित राहते, हे खरे दुःख आहे.

किती दिवस थांबावे

सर्दीसोबत आवाज बसला असेल आणि इतर काही त्रास नसेल, तर दोन आठवडे थांबण्यास हरकत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आवाज चार आठवड्यांत न सुधारल्यास स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिलेच पाहिजे आणि गंभीर कारणाची शंका असेल तर दिवस मोजत बसू नये. ब्रिटनमध्ये पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तीचा आवाज कारण न सापडता बसलेला राहिला, तर कर्करोगाच्या शंकेने तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, असा दंडक आहे. आपल्यासाठी लक्षात ठेवायला सोपा आकडा म्हणजे तीन आठवडे. तीन आठवड्यांनंतर घोगरा आवाज घरी ठेवू नये.

पुढीलपैकी काहीही असेल तर तीन आठवडेही थांबू नये :

• श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येणे, धाप लागणे. यात त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.
• थुंकीतून रक्त पडणे.
• गिळताना दुखणे किंवा घास अडकणे, एका कानात सतत ठणका लागणे.
• मानेत गाठ लागणे.
• कारणाशिवाय वजन घटणे, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून अधिक खोकला.
• तंबाखू किंवा धूम्रपानाची सवय असताना आवाज बदलणे.
• मान, छाती किंवा थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर, अथवा श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर आवाज बिघडणे.
• गाता गाता किंवा ओरडताना आवाज एकाएकी जाणे.
• तान्ह्या बाळाचे रडणे क्षीण किंवा घोगरे असणे.

ज्यांचे पोट आवाजावर आहे, अशा शिक्षक, कीर्तनकार, भजनी गायक, नाट्यकलाकार, वकील, पुरोहित यांनीही लवकर तपासून घ्यावे. त्यांच्यासाठी एक महिन्याचे मौन म्हणजे एका महिन्याची मिळकत.

तपासणीत काय होते

तपासणीची सुरुवात ऐकण्यापासून होते. आवाज अचानक गेला की हळूहळू, सकाळी जास्त बसतो की संध्याकाळी, बोलून दमल्यावर बिघडतो की नेहमीच तसा असतो, सवयी कोणत्या, औषधे कोणती, याआधी शस्त्रक्रिया झाली का, हे डॉक्टर विचारतात. सकाळी घोगरा आणि दिवसा बरा होणारा आवाज आम्लाकडे बोट दाखवतो, तर सकाळी बरा आणि संध्याकाळी फाटणारा आवाज थकव्याकडे. रुग्णाने आपण घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी स्वरतंतूत रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

मग एक साधी चाचणी असते. खोल श्वास घेऊन ‘आ’ हा स्वर जितका वेळ धरता येईल तितका धरायचा. निरोगी प्रौढ व्यक्ती तो पंधरा ते वीस सेकंद किंवा अधिक धरू शकते. दहा सेकंदांच्या आत स्वर तुटत असेल, तर स्वरतंतू मिटत नाहीत किंवा श्वास अपुरा पडतो, असा अंदाज करता येतो. ही चाचणी घरीही करून पाहता येते, मात्र तेवढ्यावरून निदान होत नाही.

निदान होते ते स्वरयंत्र डोळ्यांनी पाहूनच. जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची युक्ती प्रसिद्धीस आणली ती डॉक्टरने नव्हे, तर गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले आणि पुढच्या वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. आज त्या आरशाच्या जागी दुर्बीण आली आहे. नाकातून घातली जाणारी लवचीक, बोरूएवढी बारीक नळी किंवा तोंडातून घातली जाणारी ताठ दुर्बीण, असे तिचे दोन प्रकार आहेत. नाकात आणि घशात बधिर करणारा फवारा मारतात. काही मिनिटांत तपासणी संपते, भूल लागत नाही, कापाकापी होत नाही. थोडे अवघडल्यासारखे वाटते, क्वचित ओकारी येते, एवढेच. या तपासणीच्या भीतीने अनेक जण महिनोन्‌महिने टाळाटाळ करतात, म्हणून हे सविस्तर सांगितले.

स्वरतंतूंचा कंप इतका वेगवान असतो की साध्या प्रकाशात तो दिसत नाही. त्यासाठी लुकलुकणारा प्रकाश वापरून कंप संथ झाल्यासारखा दाखवणारी स्ट्रोबोस्कोपी ही तपासणी करतात. बारीक व्रण किंवा कडेखालची गाठ तिच्यात सापडते. गायकांसाठी ही तपासणी विशेष उपयोगाची आहे.

सीटी स्कॅन किंवा एमआरआय हा तपासणीचा पहिला टप्पा नव्हे. स्वरयंत्र न पाहताच स्कॅन करणे म्हणजे बहुधा पैसे आणि वेळ यांचा अपव्यय. एखादा स्वरतंतू लुळा आढळला, तर मात्र कवटीच्या तळापासून छातीपर्यंत त्या नसेच्या सगळ्या वाटेचा स्कॅन आवश्यक ठरतो. संशयास्पद गाठ किंवा पांढरा चट्टा दिसल्यास भूल देऊन तुकडा काढतात आणि तो प्रयोगशाळेत पाठवतात. बायोप्सीने कर्करोग पसरतो ही समजूत निराधार आहे. क्षयाची शंका असल्यास थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे, थायरॉईडची शंका असल्यास रक्ततपासणी.

उपचार कारणानुसार

विषाणूजन्य दाहाला विश्रांती, पुरेसे पाणी, वाफ आणि वेळ हेच औषध. कार्यक्रम तोंडावर आला म्हणून गायक कधी स्टिरॉईडचे इंजेक्शन मागतात. स्वरयंत्र न पाहता ते घेणे धोक्याचे आहे. सूज तात्पुरती उतरून आवाज मोकळा वाटतो आणि आत रक्तस्राव झालेला असेल तर त्याच अवस्थेत गायल्याने कायमचा व्रण राहू शकतो. रक्तस्राव आढळल्यास संपूर्ण मौन हाच उपाय असतो.

गाठी आणि ताणून बोलण्याची सवय यांवर पहिला उपचार शस्त्रक्रिया नसून स्वरोपचार आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ श्वास, सूर आणि बोलण्याची पद्धत बदलायला शिकवतात. अरुंद नळीतून हळू गुणगुणणे, ओठ फुरफुरवत सूर लावणे, मिटल्या ओठांनी गुंजन करणे हे त्यातले काही व्यायाम. हा उपचार काही आठवडे, नियमाने आणि घरच्या सरावासह करावा लागतो. मुलांच्या गाठी तर वाढत्या वयात पुष्कळदा आपोआप विरतात. स्वरोपचाराने न गेलेल्या गाठी, पॉलिप आणि पुटी यांसाठी सूक्ष्मदर्शकाखाली नाजूक शस्त्रक्रिया करतात. ती तोंडातूनच होते, गळ्यावर टाका पडत नाही. त्यानंतर काही दिवस मौन आणि पुन्हा स्वरोपचार. सवय न बदलता केवळ गाठ काढली, तर ती परत येते.

आम्लाच्या त्रासात रात्रीचे जेवण झोपण्याच्या किमान तीन तास आधी घेणे, उशाकडची बाजू उंच करणे, वजन आणि मद्य कमी करणे हे प्रथम. घोगऱ्या आवाजासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या तपासणीवाचून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्या नादात खरा रोग झाकला जातो.

लुळ्या पडलेल्या स्वरतंतूची नस कित्येकदा सहा महिने ते वर्षभरात सावरते. तोवर स्वरोपचार चालतो. ठसका जास्त लागत असेल, तर त्या स्वरतंतूत इंजेक्शनने द्रव्य भरून तो मध्यरेषेकडे आणतात. नस सावरली नाही, तर बाहेरून लहान छेद घेऊन कायमचा आधार बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते. अडकणाऱ्या आवाजाच्या विकारात स्वरयंत्राच्या स्नायूंत बोटुलिनमचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, नंतर ते पुन्हा घ्यावे लागते. थायरॉईडच्या कमतरतेवर रोजची गोळी असते.

क्षयाचे औषध राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. नेहमीच्या क्षयाला सहा महिने पुरतात. आवाज त्याआधीच सुधारतो, पण औषध मध्ये सोडू नये. कुमार गंधर्वांच्या काळी स्ट्रेप्टोमायसिन दुर्मीळ होते. आज त्याहून प्रभावी औषधे तालुक्याच्या गावी उपलब्ध आहेत.

स्वरतंतूवरचा कर्करोग पहिल्या अवस्थेत सापडला, तर किरणोपचार किंवा लेसर शस्त्रक्रिया यांपैकी एकाच उपचाराने दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात आणि स्वरयंत्र शाबूत राहते. उशीर झाल्यास संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागू शकते आणि मग श्वास गळ्यावरच्या छिद्रातून घ्यावा लागतो. त्यानंतरही बोलणे शक्य असते. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवून रुग्णाला पुन्हा आवाज देता येतो. परंतु तीन आठवड्यांत केलेली दुर्बिणीची तपासणी आणि ही झडप यांच्यात निवड करायची वेळ कोणावर न यावी.

घरगुती उपाय : किती आणि कुठवर

कोमट पाण्याने गुळण्या, साध्या पाण्याची वाफ, मध, खडीसाखर, ज्येष्ठमधाचा तुकडा हे उपाय घशाला आराम देतात. ते करावेत. मात्र गिळलेली कोणतीही वस्तू स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. ती अन्ननलिकेतून जाते, स्वरयंत्र तेव्हा मिटलेले असते. म्हणून चाटणाने गाठ विरघळत नाही. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी ते बेताने घ्यावे. वाफेच्या पाण्यात निलगिरीचे तेल किंवा बाम घालण्याची गरज नाही. लहान मुलांना उकळत्या पातेल्यापाशी बसवू नये, भाजण्याचे प्रकार त्यातूनच घडतात.

आवाज बसल्यावर कुजबुजून बोलावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात जोर लावून कुजबुजताना पुष्कळांच्या स्वरयंत्रावर अधिक ताण येतो. बोलायचेच असेल तर हळू, सहज आणि कमी बोलावे. सारखे खाकरणे टाळावे. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे किंवा आवंढा गिळावा.

यात्रेत, वर्गात, रंगमंचावर

उज्जैनला २०२८ मध्ये सिंहस्थ भरेल. २०१६ चा सिंहस्थ एप्रिल-मे महिन्यांत, माळव्याच्या कडक उन्हाळ्यात झाला होता. कोरडी हवा, धूळ, अपुरे पाणी, अपुरी झोप आणि जयघोष हा आवाजाच्या दृष्टीने सर्वांत वाईट योग. यात्रेकरूंनी पाण्याची बाटली आणि तोंडाला रुमाल जवळ ठेवावा, ध्वनिक्षेपकाच्या भिंतीशेजारी उभे राहून बोलू नये. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो. घाटांवर दिवसभर संकल्प सांगणारे पुरोहित आणि गर्दीला वाट दाखवणारे मार्गदर्शक यांच्यासाठी तर हा रोजचाच प्रसंग असतो. त्यांनी दर तासाला काही मिनिटे मौन पाळावे.

हेच आपल्या घरी. चतुर्थीच्या आरत्या, भजनी सप्ताह, शिगम्यातील घोष, जत्रेतले नाटक आणि जूनमध्ये सुरू होणारे वर्ग ही आपल्याकडची आवाज बसण्याची हमखास ठिकाणे. साठ मुलांच्या वर्गात शिक्षिकेला छोटा ध्वनिवर्धक मिळणे ही चैन नव्हे, ती तिच्या कामाची गरज आहे. गायकांनी सर्दीत, तापात किंवा रात्रभर जागल्यावर वरच्या पट्टीत रियाज करू नये. दुखणाऱ्या गळ्याने केलेला रियाज पुढे नेत नाही, मागे खेचतो.

कोठे जावे

गोव्यात बांबोळी येथील गोमेकॉत कान-नाक-घसा विभाग आहे. जिल्हा इस्पितळांतही प्राथमिक तपासणी होते. प्रवासात उज्जैनला त्रास झाल्यास आगर मार्गावरील सुरासा येथे आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सुमारे पंचावन्न किलोमीटरवरील इंदूरला सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. वाचा-उपचारासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या देशातील मान्यवर संस्था आहेत. डॉक्टरांना भेटताना एकच प्रश्न आवर्जून विचारावा : माझे स्वरयंत्र पाहिले का? उत्तर ‘नाही’ असेल आणि तीन आठवडे उलटले असतील, तर औषध बदलून घेण्याआधी तपासणी मागावी.

अल्लादियाखाँ यांनी गेलेल्या आवाजातून घराणे उभे केले, ही त्यांची असामान्यता. सामान्य माणसाला तेवढी पराकाष्ठा करण्याची गरज नाही. त्याला तीन आठवडे मोजायचे आहेत आणि पाच मिनिटांची तपासणी करून घ्यायची आहे. घरातल्या कोणाचा आवाज गेले काही दिवस ओळखू येत नसेल, विशेषतः तो विडी ओढणाऱ्या वडिलांचा किंवा दिवसभर शिकवणाऱ्या बहिणीचा असेल, तर आज कॅलेंडरवर तो कधी बसला त्या दिवसाची खूण करावी.